वीसची पाटी

हेल्गाबाईंना पहिल्यांदा दंड झाला तेव्हा केसरबाई गाडीतच होती.

साल चौऱ्याहत्तर. हेल्गाबाई जर्मनीच्या. त्यांचा नवरा चिंचवडच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला करारावर आलेला इंजिनियर होता. केसरबाई कासारवाडीहून त्यांच्या पिंपरीच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. कंपनीने घरासाठी एक फियाट दिली होती आणि ती हेल्गाबाई स्वतः चालवायच्या. आपल्या देशातला परवाना त्यांनी इथं चालेल असा करून आणला होता. चाकणच्या बाजाराला जायचं त्यांना फार आवडायचं. केसरबाईची लेक शालन चाकणला दिलेली, तिथल्या कांद्याच्या वखारीत निवडायला जायची. त्यामुळे केसरबाईही आनंदाने बरोबर जायची. भीती वाटायची ती फक्त बाईंच्या वेगाची. मोकळा रस्ता दिसला की त्यांचा पाय आपोआप खाली जायचा.

त्या दिवशी चाकणहून परत येताना भोसरी गावाच्या तोंडाशी एक हवालदार हात आडवा करून रस्त्यात उभा राहिला. रस्त्याकडेला चुना फासलेले दोन दगड होते. पहिल्या दगडापाशी शिपाई निशाण खाली करायचा आणि दुसऱ्या दगडापाशी हवालदार हातातल्या घड्याळात किती सेकंद लागले ते बघायचा. दोन्हींच्या मध्ये वीसची पाटी होती, ताशी वीस किलोमीटरच्या वर जायचं नाही अशी.

हवालदाराचं नाव मारुतराव. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. हेल्गाबाईंनी मान हलवली, पर्स उघडली, एक नोट काढली आणि खिडकीतून त्यांच्यापुढे धरली.

मारुतराव तापलेल्या तव्याला हात लागावा तसे मागे सरले. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून जवळ आली. कुणीतरी म्हणालं, "घ्या की हवालदार, परदेशातली हाय." लोक हसले. मारुतरावांचे कान लाल झाले.

"बाई," ते केसरबाईला म्हणाले, "ह्या काय करतायत ते कळतंय का त्यांना? सगळ्या गावादेखत मला पैसे देतायत."

केसरबाई खिडकीकडे वाकली. "साहेब, त्यांच्या मुलखात रस्त्यावरच दंड घेत्यात. तितंच पावती देत्यात. लाच न्हाई हो ती."

मारुतरावांनी हेल्गाबाईंच्या तोंडाकडे बघितलं. हेल्गाबाईंचा हात अजून तसाच पुढे होता. ते म्हणाले, "नोट आत ठेवायला सांगा. इथं पावती कोर्ट देतं."

कोर्टाने दंड केला आणि परवान्यावर शेरा मारला. पुन्हा असं झालं तर परवाना जप्त होईल आणि कंपनीला कळवलं जाईल, असं न्यायाधीशांनी बजावलं. त्या रात्री बंगल्यावर नवराबायकोचं त्यांच्या भाषेत बरंच वाजलं. केसरबाईला एक शब्द कळला नाही, पण जेवण तसंच परत आलं.

त्यानंतर हेल्गाबाई वेगाच्या काट्यावर डोळा ठेवून गाडी चालवू लागल्या. पाटी असेल तिथे वीस म्हणजे वीस. भोसरीतून जाताना सायकलवाले त्यांना मागे टाकून जायचे, वळून बघायचे आणि हसायचे. हेल्गाबाई ओठ मिटून समोर बघत राहायच्या. केसरबाईला मात्र गाडीत पहिल्यांदाच सुखाने बसता येऊ लागलं.

पुढे उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी दोघी चाकणला गेल्या. मिरच्या घेऊन झाल्या, आता शालनला भेटून निघायचं म्हणून केसरबाई वखारीकडे वळली, तर वखारीच्या दाराशी बायकांचा घोळका दिसला. मधे शालन जमिनीवर बसली होती. तिच्या दंडाला लुगड्याची चिंधी आवळून बांधलेली. मनगटाच्या वर दोन बारीक ठिपके आणि भोवतीचं कातडं काळसर होऊ लागलेलं.

"पोत्याखाली व्हता," छबूबाई म्हणाली. छबूबाई म्हणजे निवडणाऱ्या बायकांची मुकादम. "नागच. मी फणा बघितला."

"कवाशी चावला?"

"मगाशीच. दवाखान्यात माणूस पळवला व्हता. डॉक्टर खेडला गेल्यात आन् सापाची लस हितं ठेवत न्हाईत. पुण्याला न्या म्हणतोय कंपाउंडर."

म्हाताऱ्या दोघीतिघी म्हणत होत्या, आधी देवळात नेऊ, तिथला माणूस विष उतरवतो. केसरबाईने कुणाकडे बघितलंही नाही. ती शालनच्या काखेत हात घालून तिला उठवू लागली. शालनचा नवरा कोंडीराम भोसरीच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. बाजारातले ट्रक कांद्याने भरलेले, कुणाचा ड्रायव्हर जाग्यावर नाही.

हेल्गाबाई मिरच्यांची पिशवी हातात धरून मागे उभ्या होत्या. त्यांनी शालनचा हात बघितला, चिंधी बघितली. कुणी काही सांगायची वेळ आली नाही. पिशवी तिथेच टाकून त्या पळत गाडीकडे गेल्या आणि मागचं दार उघडून उभ्या राहिल्या.

चाकण सुटेपर्यंत गर्दीतून वाट काढावी लागली. मग रस्ता मोकळा झाला तरी गाडी फारशी पळेना. केसरबाई मागे शालनचं डोकं छातीशी धरून बसली होती. तिने पुढे बघितलं. हेल्गाबाईंचे दोन्ही हात चाकावर होते आणि नजर पुन्हा पुन्हा काट्यावर जात होती.

"आये, मला दोन दोन दिसतंय," शालन म्हणाली.

"डोळं मिटू नगस. माझ्याकडं बघ. आज काय जेवलीस?"

"भाकरी."

"आन् काय?"

शालनला उत्तर देता येईना. तिच्या पापण्या खाली येत होत्या. ती कपाळाला आठ्या घालून त्या वर ओढायची आणि त्या पुन्हा पडायच्या.

केसरबाईने आजवर कधी हेल्गाबाईंना अगंतुगं केलं नव्हतं. आता तिने पुढच्या सीटची पाठ गच्च धरली आणि ओरडली, "पळव. पळव ग बाई. लेक चालली माझी."

हेल्गाबाईंना मराठी यायचं ते स्वयंपाकघरापुरतं. गरम, बास, हळू, पाणी. पण आवाज कळायला भाषा लागत नाही. त्यांनी आरशातून एकदा मागे बघितलं आणि गाडीने अशी उडी घेतली की केसरबाईचं डोकं मागे आपटलं.

मोशीचा पूल कधी गेला ते समजलं नाही. कांद्याचे ट्रक एकामागून एक मागे पडत होते. समोरून येणारी एसटी कर्णा वाजवत अंगावर आल्यासारखी आली आणि सरकन बाजूने गेली. शालनच्या तोंडातून लाळ गळू लागली होती, तिला गिळता येत नव्हतं. केसरबाई पदराने पुसत होती आणि बोलत होती. कोंडीराम संध्याकाळी येईल, त्याला काय सांगू, तुझ्या लग्नात तुझा बाप किती रडला, असं तोंडाला येईल ते.

"केसर," हेल्गाबाईंनी विचारलं, "शालन बोलते?"

"न्हाई. बोलत न्हाई आता."

भोसरीचा पहिला चुन्याचा दगड झपाट्याने मागे गेला. शिपायाचं निशाण खाली आलं. हेल्गाबाईंना ते दिसलं होतं. त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं, शिवीसारखं. पुढे रस्त्याच्या मधोमध मारुतराव हात आडवा करून उभे राहिले.

गाडी करकचून थांबली. मारुतराव खिडकीशी आले. "पुन्हा तुम्हीच," ते म्हणाले. "किती वेगात आलात ठाऊक आहे?"

"साहेब, पान लागलंय पोरीला," केसरबाई म्हणाली. "नाग चावलाय. सोडा आमाला. पाया पडते."

मारुतरावांनी वाकून आत बघितलं. शालनच्या पापण्या पूर्ण पडल्या होत्या. छाती वरखाली होत होती, पण थोडी थोडी. त्यांनी मागे वळून गावाकडे बघितलं. सकाळची शाळा सुटली होती. पोरं दप्तरं घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येत होती, काही मधूनच.

त्यांनी धावत आलेल्या शिपायाच्या हातात घड्याळ दिलं, पुढचं दार उघडलं आणि हेल्गाबाईंच्या शेजारी बसले. पाटीकडे बोट केलं. मग दोन बोटं दाखवली आणि मुठीने शून्य केलं. "वीस," ते म्हणाले. "गाव संपेपर्यंत वीस. पुढे मी सांगतो."

केसरबाईला वाटलं, याचं मनगट चावून काढावं. "मरंल की ओ ती."

"बाई, मला दिसतंय. पण समोर बघा."

हेल्गाबाईंनी गाडी वीसवर आणली. ते गाव केसरबाईने हजार वेळा ओलांडलं असेल, पण एवढं लांब ते कधीच नव्हतं. पिठाची गिरणी आली. तालमीची भिंत आली. एक बैलगाडी वाट द्यायला वेळ लावत होती. मारुतरावांनी खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढून शिट्टी फुंकली. शालनचा एक श्वास आला. केसरबाई पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली. तो आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलाही थांबला होता.

तेवढ्यात उजवीकडच्या बोळातून एक पोरगी धावत निघाली. वेणीची लाल रिबीन सुटलेली, मागे वळून मैत्रिणीला हाका मारत ती सरळ रस्त्यात आली. हेल्गाबाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पोरीचे दोन्ही पंजे गाडीच्या नाकावर होते. ती डोळे मोठे करून काचेतून आत बघत होती. मग हात काढून घेतले आणि पळून गेली.

मारुतरावांनी कपाळ पुसलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चला. चला, बाई."

शेवटचं घर मागे गेलं. मारुतरावांनी हाताचा पंजा पुढे झटकला. "आता पळवा. जेवढी पळेल तेवढी."

कासारवाडीच्या फाट्यावर त्यांनी शिट्टीने दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि गाडी न थांबता पुण्याच्या रस्त्याला लागली. दापोडीच्या पुलावर मात्र एक ट्रक बंद पडून अडकला होता. मारुतराव चालत्या गाडीतून उतरलेच म्हणायचे. टोपी हातात घेऊन ते पुढे धावले. समोरून येणाऱ्यांना अडवलं, दोन माणसांना ट्रकला खांदा लावायला लावला, स्वतःही लावला. वाट झाली. परत येऊन बसले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि गणवेशाला तेलाचे डाग पडले होते.

शालनचे ओठ निळसर दिसत होते. केसरबाई लेकीच्या नाकाशी गाल धरून बसली होती.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा मारुतरावांनीच शालनला खांद्यावर घेतलं आणि आत नेलं. डॉक्टरांनी नळी घातली, लस टोचली. एक नर्स रबरी फुगा दाबून दाबून तिला श्वास देत राहिली. ती दमली की दुसरी यायची. केसरबाईला बाहेर बसवलं. किती वेळ गेला ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "अजून सांगता येत नाही. पण आणखी थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता."

हेल्गाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मारुतराव त्यांच्यासमोर आले आणि हात पुढे केला. "परवाना द्या."

केसरबाई बाकावरून उठली. "कशाला?"

"खटला भरावा लागेल."

"तुमीच सांगितलं की पळवा म्हणून."

"भोसरीपुढे मी सांगितलं. त्याचा जबाब मी देईन. पण दगडापाशी त्या ज्या वेगाने आल्या ते मी सांगितलं नव्हतं. शिपायाने लिहून घेतलंय आणि मीही बघितलंय. मी डोळे मिटले तर उद्या कंपनीच्या बसवाल्याला काय सांगू? ती पाटी आहे तिथे गेल्या साली माझ्यासमोर एक पोर गाडीखाली गेलं. पाटी त्यानंतर लागली."

केसरबाई म्हणाली, "तुमाला लेक न्हाई वाटतं."

मारुतरावांचा हात तसाच पुढे राहिला. हेल्गाबाईंना बोलण्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी पर्समधून परवाना काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. मग त्या दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि तोंड दोन्ही हातांत धरून रडल्या. केसरबाई त्यांच्यापाशी गेली आणि शेजारी बसली.

कोंडीराम रात्री आला. तिसऱ्या दिवशी शालनने आपण होऊन श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

खटल्याची तारीख लागेपर्यंत बंगल्यावरचे दिवस वाईट गेले. साहेब बायकोशी बोलत नव्हते. कंपनीतून कुणी एक अधिकारी येऊन बराच वेळ बसून गेला आणि फियाट घेऊन गेला. केसरबाई पोळ्या लाटताना मान वर करत नव्हती. एकदा ती म्हणाली, "बाई, माझ्यापायी झालं तुमाला." हेल्गाबाईंनी हात हलवून तिला गप्प केलं. पण 'तसं नाही' असं म्हणाल्या नाहीत, आणि ते केसरबाईच्या मनाला लागून राहिलं.

कोर्टात हेल्गाबाईंनी वकिलामार्फत गुन्हा कबूल केला. मी वेगात होते, मला पाटी माहीत होती, एवढंच. न्यायाधीश निकाल लिहायला वाकले तेव्हा मागच्या बाकावरून केसरबाई उभी राहिली.

"साहेब, मला बोलायचंय."

कोर्टाचा शिपाई तिला खाली बसवायला आला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. "बोला."

"पळव असं मी म्हणले. ह्यांला तर काटा सोडून काय दिसतच नव्हतं. मी वरडले म्हणून पळवली. दंड घालायचा तर माझ्यावर घाला."

"चाक तुमच्या हातात होतं का?"

"न्हाई."

"मग तुम्हाला कसा घालू?" न्यायाधीशांनी हे समजावल्यासारखं विचारलं. केसरबाई उभीच राहिली.

मग मारुतरावांना विचारलं. त्यांनी वेग सांगितला, दगड सांगितले, घड्याळ सांगितलं. तेवढ्यावर त्यांना थांबता आलं असतं. कागदावर तेवढंच होतं. पण ते पुढे बोलले. "साहेब, थांब म्हटल्यावर बाई थांबल्या. गावातून मी म्हणालो तेवढ्याच वेगाने गेल्या. मधे एक शाळकरी मुलगी आडवी आली, ती त्यामुळे वाचली. भोसरीपासून पुढे मी गाडीत होतो. वेगाने न्यायला मीच सांगितलं. नेमणुकीची जागा सोडायला मी वरिष्ठांना विचारलं नव्हतं."

मागे बसलेल्या फौजदाराने झटकन मान वर केली. मारुतरावांनी तिकडे बघितलं नाही.

न्यायाधीशांनी जेवढा कमी करता येतो तेवढा दंड केला. परवान्याबद्दल मात्र म्हणाले, मागच्या वेळी हुकूम लिहिला गेला आहे आणि तो मला बदलता येणार नाही. इथे असेपर्यंत बाईंना गाडी चालवता येणार नाही.

बाहेर कडुलिंबाखाली मारुतराव टोपी काढून उभे होते. फौजदार त्यांना काहीतरी सुनावून नुकताच निघून गेला होता. केसरबाईला तिथून न बोलता जायचं होतं. पण पाय थांबले.

"काय म्हणले ते?"

"खुलासा मागितलाय. जागा का सोडली म्हणून. बदली करतील बहुतेक." मारुतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मुलगी कशी आहे?"

"हाय. माझ्याकडंच आणलीय. पेज खाती. हाताची जखम चिघळलीय, पर भरंल म्हणत्यात."

"बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला दोन आहेत. लेकी."

केसरबाईला दवाखान्यातलं आपलं बोलणं आठवलं. तिने मान खाली घातली. तिचा राग पुरता गेला नव्हता, पण तो कुणावर काढावा ते आता कळत नव्हतं.

स्टॉपवर दोघी बसची वाट बघत उभ्या राहिल्या. हेल्गाबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच इथली बस पकडायची होती. ऊन चढलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्या कुणाकडेही बघत नव्हत्या.

"केसर," त्या एकदम म्हणाल्या, "हवालदार चांगला? वाईट?"

केसरबाईने बराच विचार केला. "मला न्हाई सांगता येत, बाई."

हेल्गाबाईंनी मान हलवली. बस आली. आत उभं राहायलाही जागा नव्हती. केसरबाईने खांद्याने रेटा देऊन बाईंना वर चढवलं आणि मागून आपण चढली. पिंपरीचं तिकीट काढायला तिने कनवटीचे पैसे सोडले, तेव्हा हेल्गाबाई गर्दीतून वळून म्हणाल्या, "पिंपरी नको. शालन."

कासारवाडीला दोघी उतरल्या. केसरबाईच्या खोलीत शालन भिंतीला टेकून बसली होती. बाईंना दारात बघून ती उठायला गेली, तोल गेला, पुन्हा बसली. हेल्गाबाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. तिचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला आणि स्वयंपाकघरात रोज कानावर पडणारा प्रश्न मराठीत विचारला.

"जेवली?"

"व्हय," शालन म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "तुमी जेवला का, बाई?"

हेल्गाबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. केसरबाईने पदर खोचला आणि चुलीपाशी गेली.